मुलगा म्हणतो "आधी स्वतःकडे बघा", मग ख्रिस्ती घरात बाप म्हणून माझं काम काय?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून मी लगेच लिहायला बसलो नाही. वरून तो "ख्रिस्ती कुटुंबात बापाचं महत्त्व काय" असा दिसतो, पण आत दुसरंच दुखतंय असं वाटलं म्हणून परत एकदा सावकाश वाचला. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. बरीच वर्षं तुम्ही चर्चपासून लांब होतात, घरात सतत चिडचिड, आरडाओरडा, आणि त्या सगळ्या काळात मुलांना प्रार्थना शिकवणं, संडे स्कूलला नेणं, रात्री बायबलमधलं वचन वाचून दाखवणं हे तुमच्या बायकोने एकटीने केलं. दीड वर्षापूर्वी तुम्ही प्रभूकडे परत आलात. मागच्या महिन्यात पास्टर संदेशात म्हणाले की बाप हा घराचं मस्तक आहे, त्याने घर चालवायचं, तुम्ही ते मनावर घेतलंत, त्याच आठवड्यात घरी प्रार्थना घ्यायला बसलात आणि 14 वर्षांचा मुलगा उठून "आधी स्वतःकडे बघा" म्हणून आत निघून गेला. 9 वर्षांची मुलगी नुसती गप्प बसून राहिली. आणि मग शेवटी तुम्ही विचारलंय की बायको सगळं नीट करतेय तर मी मध्ये पडू कशाला, आणि माझ्याच वडिलांनी मला कधी जवळ घेतलं नाही तर मला हे जमणार कसं.

माझ्या मते हे शेवटचं वाक्य म्हणजे तुमचा खरा प्रश्न. तुम्हाला महत्त्व हवंय असं नाहीये, आपल्याला बाप व्हायचा हक्क उरलाय का एवढंच विचारताय.

मी 26 वर्षं पाळकाचं म्हणजे पास्टरचं काम करतोय, त्यातली निम्मी वर्षं तरी कुटुंबांसोबत बसण्यात गेली, त्यामुळे जे पाहिलंय ते सांगतो. पण आधी एक गोष्ट. "चिडचिड, आरडाओरडा" असं तुम्ही लिहिलंय, त्यात मारहाण होती की नाही ते लिहिलं नाही. मारहाण झाली असेल, किंवा दारू असेल आणि ती अजून पूर्ण सुटली नसेल, तर खाली जे लिहितोय त्याच्या आधी दुसरं काम आहे. बायको आणि मुलं सुरक्षित असणं पहिलं, आणि तुम्ही एखाद्या जाणत्या माणसाची, काउन्सेलरची, डॉक्टरची मदत घेणं त्याच्या लगोलग. तिथे घरच्या प्रार्थनेने सुरुवात करू नका, कारण ज्या हाताची मुलांना भीती वाटते तोच हात प्रार्थनेला जोडलेला दिसला की मुलांच्या मनात देवाबद्दलच भीती बसते. तसं काही नसेल असं धरून पुढे लिहितो.

आता तो "मस्तक" शब्द. इफिसकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात पती पत्नीचं मस्तक आहे असं आहे, बरोबर. पण लगेच पुढे हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल ख्रिस्ताचं उदाहरण देतो, आणि ख्रिस्ताने मंडळीसाठी, म्हणजे विश्वासणाऱ्यांसाठी, काय केलं तर स्वतःला दिलं. हे अर्धं वाक्य आपण पुरुष लोक ऐकतो आणि अर्धं सोडतो, मीसुद्धा सोडलंय. आणि मग 6व्या अध्यायाच्या 4थ्या वचनात बापांना सरळ नाव घेऊन सांगितलंय, मुलांना चिरडीस आणू नका, तर प्रभूच्या शिस्तीत आणि शिक्षणात वाढवा. बघा, बापाला दिलेल्या आज्ञेत पहिला शब्द "हे करा" असा नाहीये, "हे करू नका" असा आहे. कलस्सैकरांस पत्रात (3:21) पण तसंच, आणि तिथे कारणही दिलंय की मुलं खिन्न होतील, म्हणजे मूळ ग्रीक शब्दाच्या अर्थाने त्यांचं मन खचेल, उमेद जाईल.

हे त्या काळात केवढं धक्कादायक असेल याचा विचार करा. रोमी कायद्यात बापाची सत्ता मुलगा मोठा होऊन लग्न झालं तरी संपायची नाही, बाप जिवंत असेपर्यंत मुलगा त्याच्या ताब्यात. जन्मलेलं मूल घरात ठेवायचं की टाकून द्यायचं हेसुद्धा बाप ठरवायचा. अशा जगात पौल लिहितो की बाबांनो, तुमच्या मुलाच्या मनाला काय वाटतंय ते बघा. आणि ही पत्रं मंडळी जमली की मोठ्याने वाचली जायची, त्याच अध्यायात वरच्या वचनांमध्ये मुलांना थेट हाक मारून आज्ञा दिलीय म्हणजे मुलं तिथेच बसलेली आहेत असं धरूनच पौल लिहितोय. म्हणजे बापाला काय ताकीद दिली ते मुलाने स्वतःच्या कानाने ऐकलं! मला हे फार महत्त्वाचं वाटतं. देवाने बापाला मुलांच्या समोर ताकीद दिली आणि त्यात बापाचा मान कमी होईल असं त्याला वाटलं नाही. तुमचा मुलगा जे बोलला ते उद्धट होतं, मान्य, पण त्यात थोडं हे वचनच तुमच्याकडे परत आलंय.

मग बापाचं काम काय? इथे मी तुम्हाला बायबलमधल्या "अनुवाद" नावाच्या पुस्तकाच्या 6व्या अध्यायाकडे नेतो. 7वं वचन सगळ्यांना पाठ असतं, मुलांच्या मनावर ही वचनं बिंबव, घरी बसलेला असताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना. म्हणजे यासाठी वेगळा तास काढायला सांगितलेलं नाही, चालत्या दिवसातच हे व्हायचंय. पण मला तुमच्यासाठी जास्त उपयोगाचं वाटतं ते पुढचं, 20वं आणि 21वं वचन. पुढे तुझा मुलगा तुला विचारील की हे सगळे विधी आणि नियम कशासाठी, तेव्हा त्याला काय उत्तर द्यायचं ते मोशे सांगतो, आणि ते उत्तर नियमांपासून सुरूच होत नाही. ते सुरू होतं "आम्ही मिसरात (म्हणजे इजिप्तमध्ये) फारोचे, तिथल्या राजाचे, दास होतो" इथून, आणि मग परमेश्वराने आम्हाला बाहेर काढलं. बाप मुलाला देवाबद्दल शिकवायला बसतो आणि पहिलं वाक्य स्वतःच्या गुलामगिरीचं!

आणि हे एकदाच नाहीये. निर्गमाच्या 12व्या अध्यायात वल्हांडणाच्या, म्हणजे त्या सुटकेची आठवण करायच्या सणाच्या वेळी मुलं विचारतील, 13व्यात परत तेच, यहोशवाच्या 4थ्या अध्यायात यार्देन नदीतून 12 धोंडे उचलून आणून ठेवले ते यासाठीच की पुढे मुलं विचारतील हे धोंडे कसले. म्हणजे मूल प्रश्न विचारणार हे देवाने गृहीत धरलंय, आणि उत्तरात बापाकडे विद्वत्ता मागितलेली नाही, घडलेली गोष्ट मागितलीय. आपण कुठे अडकलो होतो आणि कोणी सोडवलं.

तुम्ही म्हणता माझा भूतकाळ आड येतो. मी म्हणतो तुम्ही तो लपवून प्रार्थना घ्यायला बसलात म्हणून तो आड आला. मुलाने सगळं पाहिलेलं आहे, तो 14 वर्षं त्याच घरात राहतोय, त्याच्यासमोर तुम्ही एकदम आत्मिक मस्तक म्हणून बसलात आणि मधली वर्षं कुठे गेली याबद्दल एक शब्द नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही उठून गेलो असतो कदाचित.

माझ्या घरातलं सांगतो. माझी मोठी मुलगी 8 वर्षांची असताना मी एका मोठ्या मंडळीत नवीन होतो, रोज संध्याकाळी कुणाकडे तरी भेटीला, आजाऱ्यासाठी प्रार्थना, भांडणं मिटवणं, आणि घरी आलो की थकलेला, वैतागलेला. एका रविवारी उपासना झाल्यावर घरी येऊन मी काहीतरी सांडलं म्हणून तिच्यावर ओरडलो, तर ती रडली नाही, शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही चर्चमध्ये ज्या आवाजात बोलता त्या आवाजात घरी का नाही बोलत?" मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी मी तिला सॉरी पण म्हणालो नाही, गप्प बसलो, तीन-चार दिवस तसेच गेले, आणि मग एका रात्री तिच्या पलंगाशी बसून म्हणालो की तू बोललीस ते खरं होतं, मी लोकांना जेवढा धीर देतो तेवढा तुला देत नाही, हे माझं चुकतंय, मी देवाची क्षमा मागितली आणि आता तुझी मागतोय. ती म्हणाली "बरं" आणि कूस बदलून झोपली. एवढंच! मला वाटलं होतं गळ्यात पडेल वगैरे. पण पुढच्या काही महिन्यांत ती आपणहून मला प्रश्न विचारायला लागली, देवाबद्दल, मरणाबद्दल, मैत्रिणींबद्दल, आधी ते सगळं आईकडे जायचं.

त्यानंतर किती तरी बाप माझ्यासमोर बसले आणि बहुतेकांच्या बाबतीत कुलूप इथेच होतं. मुलासमोर आपली चूक नाव घेऊन कबूल केली की धाक जाईल असं त्यांना वाटत होतं. मी पाहिलंय ते उलट. धाक थोडा जातो हे खरं आहे, पण विश्वास यायला तिथूनच वाट होते.

बायबलमध्ये दोन बाप शेजारी ठेवून बघा. एक दावीद राजा. त्याच्या एका मुलाने, अम्नोनाने, तामारेवर अत्याचार केला, ती दाविदाचीच मुलगी. दावीद फार संतापला असं लिहिलंय (2 शमुवेल 13:21), आणि पुढे त्याने काय केलं? काहीच नाही. दोन वर्षांनी तामारेचा भाऊ अबशालोम याने अम्नोनाला मारून टाकलं आणि पळून गेला, तीन वर्षं गशूरात राहिला. मग दाविदाने त्याला यरुशलेमेत परत आणवलं खरं पण त्याला आपलं तोंड दाखवलं नाही, पूर्ण दोन वर्षं एकाच शहरात बाप आणि मुलगा, भेट नाही. त्यानंतरच अबशालोमाने बंड केलं आणि शेवटी तो मेल्यावर दावीद रडतो, माझ्या पुत्रा अबशालोमा, तुझ्याबदली मी मेलो असतो तर बरं झालं असतं. ते रडणं वाचताना सहन होत नाही. प्रेम होतंच हो त्या बापाकडे, फक्त मुलगा जिवंत असताना ते दारापर्यंत आलं नाही. दुसरा मुलगा अदोनीया, त्याच्याबद्दल तर लिहिलंय की तू असं का केलंस म्हणून बापाने त्याला कधी दुखवलंच नाही (1 राजे 1:6). कधी नुसता संताप, कधी साफ दुर्लक्ष, आणि मधलं जे समोर बसून बोलणं असतं ते गायब.

आणि दुसरा बाप लूकच्या 15व्या अध्यायातल्या येशूच्या गोष्टीतला, ज्याचा धाकटा मुलगा घर सोडून गेला, सगळं उधळलं आणि परत आला. मुलगा अजून दूर आहे तेवढ्यात बाप धावत जातो, हे आपण ऐकून ऐकून गुळगुळीत केलंय. पण तो बाप त्या दिवशी दोनदा घराबाहेर पडतो हे बघा. एकदा धाकट्यासाठी, आणि मग संध्याकाळी मोठा मुलगा रागावून आत येईना तेव्हा परत बाहेर जाऊन त्याची समजूत घालतो (28वं वचन). घरातला मोठा माणूस, मेजवानी चाललेली, आणि तो ती सोडून अंगणात उभ्या असलेल्या रागावलेल्या पोराकडे जातो. पोरगा काय बोलतो तर अगदी टोचून बोलतो, मी इतकी वर्षं तुमची चाकरी करतोय आणि मला तुम्ही कधी करडूसुद्धा दिलं नाही. बाप ते सगळं ऐकून घेतो आणि त्याला "बाळा" म्हणतो.

तुमचा मुलगा आत्ता त्या अंगणात उभा आहे असं मला वाटतं. तुम्ही दूर होतात तेव्हा तो घरी होता, आईचं ओझं बघत होता. आणि आता तुम्ही परत आलात तर चर्चमध्ये तुमच्या साक्षीला, देवाने कसं बदललं ते सांगण्याला, टाळ्या पडतात, आणि त्याला कोणी विचारलं नाही की त्या वर्षांत तुझं काय झालं. तेव्हा बाहेर जाण्याची पाळी तुमची आहे. बापाचं जे काही महत्त्व पवित्र शास्त्रात आहे ना, ते मला सगळ्यात जास्त इथे दिसतं, की पहिलं पाऊल त्याने टाकायचं. लहान मूल चुकलं तरी बापानेच आधी, बाप चुकला तर मग विचारूच नका.

आता तुमच्या वडिलांबद्दल. हे मी घाईत लिहिणार नाही. ज्याला बापाचा हात माहीत नाही त्याला "आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणताना आत काहीतरी अडकतं, मी पुष्कळ पुरुषांकडून हे ऐकलंय, काही तर ती प्रार्थना तोंडाने म्हणतात पण पिता शब्दाला काहीच वाटत नाही म्हणतात. लोक सांगतात की मूल आपल्या बापावरून देवाची कल्पना करतं, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे, पण पौल उलटीकडून सुरुवात करतो. इफिस 3:14-15 मध्ये तो म्हणतो की स्वर्गातल्या आणि पृथ्वीवरच्या प्रत्येक वंशाला ज्या पित्यावरून नाव मिळतं त्याच्यासमोर मी गुडघे टेकतो. म्हणजे आपल्या वडिलांना मोजून देव तसाच आहे असं ठरवायचं नाही, आधी देव कसा बाप आहे ते बघायचं आणि मग आपण काय हुकलो ते कळतं, त्याचं दुःखही करता येतं. स्तोत्र 27 मध्ये आईबापांनी टाकलं तरी परमेश्वर जवळ करील असं आहे ते असंच कोणीतरी पोळलेला माणूसच लिहू शकतो.

यात एक प्रसंग मला फार आधार देतो. येशूचा बाप्तिस्मा. अजून एक चमत्कार नाही, एक प्रवचन नाही, एक शिष्यसुद्धा नाही, आणि आकाशातून आवाज येतो, हा माझा पुत्र, मला परमप्रिय, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. काम करायच्या आधीच! आपण मुलाला मार्क आल्यावर, त्याने नाव काढल्यावर, आपलं ऐकल्यावर मग असं बोलतो. आणि तोच येशू पुढे गेथशेमाने बागेत, पकडला जायच्या सगळ्यात वाईट रात्री, "अब्बा", म्हणजे बाबा, म्हणून हाक मारतो. या शब्दाबद्दल एक दुरुस्ती करतो, तो फक्त तान्ह्या बाळाचा बोबडा शब्द आहे असं खूप ठिकाणी सांगतात, तसं नाही, अरामी भाषेत मोठी मुलंही बापाला तशीच हाक मारायची, त्यात जवळीक आहे आणि मानही आहे. आणि रोमकरांस पत्रात (8:15) पौल म्हणतो की तोच आत्मा आपल्याला मिळालाय, आपणही तीच हाक मारतो. भाऊ, तुम्हाला वडिलांनी दिलं नाही ते तुम्ही तुमच्या मुलांकडून वसूल करायचं नाहीये आणि स्वतःच्या जोरावर पैदाही करायचं नाहीये. आधी ते तुम्हाला मिळालंय.

आणि वडील वाईट म्हणून मुलगा वाईट असा नियम शास्त्रात कुठेच नाही. आहाज राजाने स्वतःच्या मुलाला अग्नीतून चालवलं, त्याच आहाजाचा मुलगा हिज्कीया, ज्याच्यासारखा देवावर भरवसा ठेवणारा राजा यहूदाच्या राज्यात झाला नाही असं लिहिलंय. पण हे उलटंही चालतं हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्याच हिज्कीयाचा मुलगा मनश्शे, त्याने मूर्तिपूजेने देश भरून टाकला, आणि त्याचा नातू योशीया 8 वर्षांचा असताना गादीवर बसला आणि पूर्ण मनाने देवाकडे वळला. म्हणून मी कुठल्याच बापाला गॅरंटी देत नाही. तुम्ही सगळं नीट केलंत तरी तुमचा मुलगा काही वर्षं विश्वासापासून लांब राहू शकतो, आणि तेव्हा लोक तुमच्याकडे बोट दाखवतील. तुमच्या हातात तुमची बाजू आहे, त्याचं मन देवाच्या हातात आहे.

बायकोबद्दल थोडं, पण हे सगळ्यात आधी करायचं काम आहे. तुम्ही मस्तक व्हायला निघालात तेव्हा तिला विचारलं होतंत का? तिने इतकी वर्षं एकटीने जे सांभाळलं ते एका संध्याकाळी तुम्ही हातात घेतलंत तर तिला काय वाटलं असेल. पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याचं घर आठवा, पौल त्याच्या विश्वासाबद्दल लिहिताना आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेतो, बाप ग्रीक होता एवढंच कळतं. म्हणजे बाप नसताना, किंवा असून नसताना, देव आईच्या हातून पूर्ण काम करतो, त्यात उणं काही नाही. ज्या बहिणी एकट्याने मुलं वाढवताहेत आणि हे वाचताहेत त्यांनी हे माझं बोलणं नीट लक्षात घ्यावं, बापाचं महत्त्व सांगतोय म्हणजे तुमच्या घरात काही कमी आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. तर भाऊ, तिचे आभार माना, नाव घेऊन, कुठलं कुठलं तिने केलं ते आठवून. आणि मग विचारा, मी कुठे हात लावू? ती म्हणाली आत्ता नको, तर नको.

ती कदाचित म्हणेल की सकाळी मुलीचं आवरून द्या. तेही बापपणच आहे. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर 1522 साली लिहून गेलाय की बाप बाळाची दुपटी धुतो तेव्हा लोक त्याला हसतील पण तो विश्वासाने ते करत असेल तर देव आणि सगळे देवदूत आनंदाने बघतात. आणि येशूला वाढवणाऱ्या नासरेथच्या योसेफाचं बघा, चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचं एक वाक्य नाही, एकसुद्धा! पण स्वप्नात सांगितलं तर रात्रीच उठून बाळ आणि आईला घेऊन मिसरात निघाला, दरवर्षी वल्हांडणाला यरुशलेमेला नेलं, हाताला सुतारकाम दिलं. ज्यांना बोलता येत नाही अशा बापांना मी नेहमी योसेफ वाचायला सांगतो.

आता मुलाशी काय बोलायचं. समोरासमोर बसवून मीटिंग घेऊ नका, 14व्या वर्षी ती शिक्षाच वाटते. कुठेतरी बरोबर चालत असाल, काही काम करत असाल, तेव्हा, नजर दुसरीकडे असते म्हणून मुलांना ऐकणं सोपं जातं. बोलणं दोन मिनिटांत संपवा. काय काय चुकलं ते स्पष्ट सांगा, "काही चुकलं असेल तर सॉरी" हे चालणार नाही, ती माफी नव्हेच. त्या अमुक दिवशी मी असं बोललो, तुझ्या आईला असं बोललो, तू ऐकत होतास, ते माझं पाप होतं. "पण मी पण टेन्शनमध्ये होतो" हे शेपूट जोडायचं नाही. आणि "तू मला माफ केलंस ना?" असं विचारायचं नाही, ख्रिस्ती घरांत क्षमा करायलाच पाहिजे म्हणून मुलांवर दबाव येतो आणि ती तोंडदेखलं हो म्हणतात. त्याला वेळ द्या. तो म्हणेल "ठीके" किंवा काहीच म्हणणार नाही किंवा आणखी टोचून बोलेल. ऐकून घ्या, तो बाहेर काढतोय हे चांगलं लक्षण आहे.

शिस्तीचं काय असं तुम्ही विचाराल. शिस्त सोडायची नाही, बायबलमधल्या एली याजकाची मुलं देवाचा अपमान करत होती आणि त्याने आवरलं नाही याचा दोष देवाने एलीला दिला. इफिसच्या त्या वचनात शिस्त हा शब्द आहेच. पण जो बाप स्वतः चूक कबूल करतो त्याने मोबाईल रात्री बाहेर ठेव म्हटलं तर पोरगं कुरकुरतं आणि ठेवतं, आणि जो कधीच चुकत नाही त्याने म्हटलं तर दार आपटतं, हे मी अनेक घरांत पाहिलंय. एवढंच की आत्ता पहिले काही महिने नवीन नियम आणू नका.

घरची प्रार्थना लगेच परत सुरू करू नका. बायको घेते तिथे तुम्ही बसा, तिला घेऊ द्या, आणि ती म्हणेल तेव्हा फक्त एक वाक्याची प्रार्थना करा, स्वतःसाठी. मुलांना सुनवायला प्रार्थना वापरू नका, हे मी हात जोडून सांगतो, "प्रभू, या लेकराला आईबापाचं ऐकायची बुद्धी दे" असली प्रार्थना मुलं डोळे मिटून ऐकतात आणि त्यांना नेमकं कळतं की हे देवाशी चाललेलं नाहीये. पुढे कधी तुमची पाळी आली तर सात-आठ मिनिटांच्या वर नेऊ नका. चौथ्या शतकातला धर्मोपदेशक योहान क्रिसोस्तोम बापांना सांगायचा की संध्याकाळी मुलाला काइन आणि हाबेल या भावांची बायबलमधली गोष्ट सांग, आईलाही शेजारी बसू दे, मग काही दिवसांनी मुलाकडून तीच गोष्ट ऐक, आणि मग चर्चमध्ये ते वचन वाचलं जाईल तेव्हा त्याला घेऊन जा, म्हणजे त्याला ओळखीचं वाटून आनंद होईल. तुमच्या मुलीसाठी हे आजही जसंच्या तसं करण्यासारखं आहे. 9व्या वर्षी गोष्ट हवी असते, आणि गप्प बसलेल्या मुलीला बऱ्याचदा प्रश्न विचारून बोलतं करता येत नाही पण गोष्ट सांगून येतं. तिच्याकडे लक्ष द्या, मुलगा दार आपटतो म्हणून सगळं लक्ष त्याच्याकडे जातं आणि शांत मूल मागे राहतं.

तर क्रम असा धरा, आधी बायकोशी, मग मुलाशी दोन मिनिटं, मुलीला गोष्ट, आणि प्रार्थना सगळ्यात शेवटी. किती दिवस लागतील ते मी सांगू शकत नाही, माझ्या ओळखीच्या एका बापाला मुलाने पुन्हा "बाबा" म्हणायला दोन वर्षं लागली, एकाला एका आठवड्यात सगळं सुरळीत झालं.

आणि एखाद्या दिवशी मुलगा जर विचारेल, चिडून विचारेल किंवा सहज विचारेल, की तुम्ही आता एकदम चर्चला का जायला लागलात, तर प्रवचन देऊ नका. "मी अडकलो होतो" इथून सुरू करा आणि त्याला मध्ये बोलायचं असेल तर थांबा.